माझ्या मावसभावाचं विमान

अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या साऱ्या टापूत माझ्या मावसभावाइतका नेटानं रुसणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. रुसतात तसे सगळेच. लग्नात मानाचा शेला मिळाला नाही म्हणून रुसतात, वाटणीत कडेचं वावर आलं म्हणून रुसतात, आणि चार वर्षांनी कोणाच्या तरी तेरवीला शेजारी जेवायला बसले की विसरूनही जातात. माझा मावसभाऊ तसा नाही. तो दहावीत असताना एका पानठेलेवाल्यावर रुसला. आता त्याच्या डोक्यावर शोधून काळा केस मिळत नाही, पण रुसवा परवापरवापर्यंत तसाच होता, रोज पाणी मारलेल्या फुलासारखा. बसस्टँडच्या मागच्या त्या रस्त्यावरून त्याला दिवसातून दोनदा फुलं न्यावी लागतात. ठेला आला की तो मान उजवीकडे वळवायचा आणि ठेला मागे पडला की सरळ करायचा. वहिनी सांगतात, लग्नानंतरचे पहिले सहा महिने त्यांना वाटायचं की नवऱ्याची मान आखडते. त्यांनी माहेरून तेल आणून दिलं होतं.

हे मी हसत लिहितो आहे, पण लिहिताना मला बरं वाटत नाही. त्या पानठेलेवाल्यानं काहीच केलेलं नव्हतं. जे केलं ते मी केलं होतं.

आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून आठवीला मला अकोल्यात मावशीकडे ठेवलं. मावशीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या फुलांचं काम. शहराबाहेर दीड एकरात झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि फुलबाजारात मावसाजींचं दुकान. मावसाजी म्हणजे मावशीचे यजमान. ते फार कमी बोलायचे आणि बोलले की तो शेवटचा शब्द असायचा. मावसभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शाळा सुटली की हारांचं ओलं गाठोडं देवळापुढच्या दुकानांवर पोचवायचं हे त्याचं काम, आणि ते गाठोडं डोक्यावर घेऊन त्याच्या मागून चालायचं हे माझं. वाटेत, बसस्टँडच्या मागे, काळा पडदा लावलेलं व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि त्याच्या बरोबर समोर तो पानठेला. दुकानात माणसाच्या उंचीच्या चार लाकडी पेट्या होत्या. पेटीत रुपया टाकला की काचेमागे खेळ सुरू व्हायचा. कोपऱ्यातल्या पेटीत एक पिवळं विमान होतं. ते नदीवरून, जंगलावरून, जहाजांवरून गोळ्या झाडत उडत जायचं आणि सगळ्यांत शेवटी चार बुरुजांचा एक काळा किल्ला यायचा. त्या किल्ल्यापर्यंत पोचणारा अख्ख्या अकोल्यात एकच माणूस होता, आणि तो माझा मावसभाऊ होता. किल्ला मात्र त्यालाही फुटला नव्हता. किल्ल्यापलीकडे काय आहे यावर त्या दुकानात मोठमोठी माणसं भांडायची. कोणी म्हणायचं राजकन्या आहे, कोणी म्हणायचं लाल रंगाचं नवं विमान मिळतं. दुकानाचा मालक म्हणायचा, "मले काय माहीत? मी फक्त सकाळी उदबत्ती लावतो." आणि खरंच लावायचा, खेळायच्या दांड्याशेजारी लाकडाला एक चीर होती, तिच्यात खोचून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. झेंडूवाल्यांचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. "आज एक डाव तुले," असं मावसभावानं मला सकाळीच कबूल केलं होतं, म्हणून मी डोक्यावर गाठोडं धरून त्याच्या मागे उभा राहिलो. गाठोड्याचं पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. एक डाव झाला, दुसरा झाला, तिसऱ्या डावात तो किल्ल्याशी पोचला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तू काय करशील बे खेळून? तू पाह्य." मी गाठोडं खाली ठेवलं आणि पडद्याबाहेर आलो. समोर मावसाजी त्यालाच शोधत आले होते. सायकल पानठेल्याला टेकवून ते इकडेतिकडे बघत होते. मला पाहून म्हणाले, "कुठं आहे तो?" मी बोट दाखवलं. पडद्याकडे. तोंडानं एक शब्द बोललो नाही, आणि पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी तर काही बोललोच नव्हतो.

मावसाजींनी त्याला कान धरून बाहेर काढलं तेव्हा किल्ल्याचे तीन बुरूज पडले होते आणि एक उरला होता. दसरा झाल्यावर मावसाजी म्हणाले, "शाळा पुरे. उद्यापासून बाजारात." तो शेवटचा शब्द होता. मावसभावाची कंपासपेटी मला मिळाली. पुढे मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला तो त्याच कंपासनं. आज मी अमरावतीला राहतो, नांदगाव पेठेच्या एका सूतगिरणीत विजेच्या देखभालीवर सुपरवायझर आहे, आणि मावसभाऊ भेटेल त्याला सांगतो, "हा माहा लहाना भाऊ. माह्या कंपासनं इंजिनिअर झाला." मी इंजिनिअर नाही हेसुद्धा मला त्याला सांगवत नाही, मग बाकीचं काय सांगणार? बाहेर ओढला जाताना त्याला एवढंच दिसलं होतं, की बापाची सायकल पानठेल्याला टेकवलेली आहे. त्यानं जागच्या जागी निकाल दिला आणि तो पक्का केला. मी पडद्याआड गाठोड्यापाशीच होतो असं तो धरून चालला. मावसाजींनीही कधी नाव काढलं नाही. ते गेले तेव्हा माझं नाव सोबत घेऊनच गेले.

शाळा सुटलेल्या या माणसानं पुढे फुलांचं काम असं उचललं, की आज अकोल्यात लग्न ठरलं की आधी त्याला फोन जातो आणि मग भटजींना. पण फुलांच्या कामानं त्याला काही सवयी लावल्या आहेत, आणि त्या तो कुठेही सोबत नेतो. त्याला टेप कळत नाही. हार वितीनं आणि हातानं मोजायचा असतो, म्हणून तो जगातली प्रत्येक गोष्ट वितीनं मोजतो. त्याचा उजवा हात मोकळा राहू शकत नाही. बाजारात बसून बसून त्या हाताला दर पाच मिनिटांनी बादलीत बुडायचं आणि समोर जे असेल त्यावर पाणी शिंपडायचं वळण पडलं आहे. पंगतीत बसला की तो समोरच्या भातावर पाणी शिंपडतो. माझ्या साखरपुड्यात शेजारी बसलेल्या माझ्या सासऱ्यांवर त्यानं दोनदा पाणी शिंपडलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. आणि तिसरी सवय म्हणजे कोणत्याही वस्तूसमोर तिची निंदा करायची नाही. रोप ऐकतं, असं त्याचं मत आहे. रोप ऐकतं तर गाडी का नाही ऐकणार? त्याच्या फुलं वाहायच्या छोट्या हत्तीचा ब्रेक नीट लागत नव्हता, तेव्हा हे मला सांगायला तो मला गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेला आणि कानात म्हणाला, "ब्रेक कमी झाला तिचा. तिच्यासमोर नको बोलू."

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर आम्ही दोन्ही घरची मंडळी सेमाडोहला वाघ पाहायला गेलो. जंगलात जायची गाडी सुटायच्या आधी मावसभाऊ चहाला एका टपरीवर उतरला आणि तिथून हलेना. टपरीवाल्यानं बिस्किटांचे पुडे ठेवायला एक उभं लाकडी कपाट केलं होतं, पुढे काच असलेलं. मावसभाऊ त्या कपाटापुढे चहाचा कप तसाच धरून उभा होता. दांडा तुटलेला, बटणं गेलेली, आत काडेपेट्या आणि तंबाखूच्या पुड्यांच्या माळा, पण दांड्याच्या भोकाशेजारी एक चीर होती आणि चिरेभोवती लाकूड काळं पडलेलं होतं. "उदबत्ती," तो म्हणाला. मी म्हणालो, "दादा, अशा पेट्या गावोगाव होत्या. चटका कशाचाही असू शकतो." टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "जत्रेवाला होता एक, ठेवतो म्हणे आठ दिवस. तेव्हा माहं लगन बी नव्हतं झालं." तो तिथेच राहिला, आम्ही बाकीचे जंगलात जाऊन आलो. वाघ दिसला नाही. परत येऊन पाहतो तो बिस्किटांचे पुडे बाकावर मांडलेले, टपरीवाल्याला नवं पत्र्याचं कपाट घेऊन द्यायचं ठरलेलं, आणि पेटी छोट्या हत्तीत आडवी. वहिनी म्हणाल्या, "लोकं वाघ पाहून येतात. आमी कपाट घेऊन चाललो." मागे पेटीला धरून बसायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. जंगलाच्या नाक्यावर सागवान नेता की काय म्हणून शिपायानं गाडी थांबवली. "काय आहे याच्यात?" मावसभावानं काच खाली करून गंभीरपणे सांगितलं, "लढाऊ विमान." आम्हाला तिथे पाऊण तास बसवून ठेवलं होतं.

पेटी घराच्या पुढच्या खोलीत आली, जिथे वहिनी आणि दोन बाया हार गुंफायला बसतात. त्या दिवसापासून वर्षभर मी जवळजवळ दर रविवारी मूर्तिजापूरमार्गे एस.टी.नं अकोल्याला जात राहिलो. माझ्या बायकोला वाटायचं, काय हे भावाचं प्रेम. प्रेम होतंच, नाही असं नाही. पण बसमध्ये खिडकीशी बसलो की मला ते बोट दिसायचं.

पेटी उघडली तेव्हा आत उंदराचं घरटं निघालं. त्यात बिस्किटांच्या कागदांची गादी होती आणि वायरींचं रंगीत प्लास्टिक कुरतडून केलेली नक्षी. खालच्या फळ्यांना उधळी, म्हणजे वाळवी, लागली होती. मावसभावानं फळ्या अंगणात उन्हात मांडल्या आणि झेंडूवर मारायचं औषध पंपानं त्यांच्यावर मारलं. "मूळ सडलं की झाड वरून हिरवं दिसून काय कामाचं?" असं तो म्हणाला. एका बाजूची फळी पुरतीच गेली होती. नवीन करायला सुताराला निरोप पाठवला, "सात वीत आणि चार बोटं." सुतारानं स्वतःच्या वितीनं कापली. सुतार ठेंगणा. फळी आली ती पेटीच्या गुडघ्यापर्यंतही पुरेना, असं मावसभाऊ सांगतो. प्रत्यक्षात टीचभर कमी होती. मी टेप काढला तर तो दुखावला. शेवटी त्यानं सुतारालाच घरी बोलावलं आणि त्याच्या वितीशेजारी आपली वीत ठेवून दोघांत कोणाची खरी, यावर अर्धा तास वाद घातला. टीचभर फट अजून आहे. तीत वहिनी सुया खोचून ठेवतात.

त्यातल्या विजेच्या कामावर माझी सत्ता होती, निदान असं ठरलं होतं. कुरतडलेल्या सगळ्या वायरी मी बदलल्या, पण त्या बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या तर त्यानं त्या घेतल्या नाहीत. मी जेवून येईपर्यंत त्यानं आणि वहिनींनी मिळून सगळ्या वायरी हाराच्या दोऱ्यानं गुंफल्या होत्या. दर चार बोटांवर एक गाठ, लाल वायर आत, पिवळी बाहेर, आणि जिथे जोड येतो तिथे झेंडूच्या जागी माझा काळा टेप. मी पंचवीस वर्षं कारखान्यातली पॅनेलं उघडतो आहे, इतकं देखणं काम मी पाहिलेलं नाही. चित्राची नळी जुनीच होती. जुने टीव्ही दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा येऊन तिला हात लावून गेले आणि म्हणाले, "भाईजान, ये तो जिंदा है, बस रूठी हुई है." हे ऐकून मावसभावाला ती पेटी आणखीच आपली वाटू लागली.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी मी ठरवून गेलो होतो. वहिनी माहेरी होत्या, खोलीत आम्ही दोघंच. पेटीच्या पोटातलं मुख्य सर्किट, म्हणजे ज्यात तो सगळा खेळ साठवलेला असतो ते, स्वच्छ करून त्यानं समोर पाटावर ठेवलं होतं. मी म्हणालो, "दादा, एक सांगायचं होतं. त्या दसऱ्याच्या वेळचं." "सांग ना," तो म्हणाला, आणि लक्ष देऊन ऐकायला लागला. तो लक्ष देऊन ऐकायला लागला की त्याचा हात सुटतो. शेजारी फुलांची बादली होती. मी पुढचा शब्द काढायच्या आत त्याचा हात बादलीत बुडाला, वर आला आणि पाटावर पाऊस पडला. दोघंही सर्किटाकडे बघत राहिलो. मग त्यानं मला हाताला धरून ओट्यावर नेलं आणि कुजबुजत विचारलं, "मेलं का बे ते?" सर्किट पुसून, फुंकून, चार दिवस उन्हात ठेवून शेवटी ते फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत पुरलं, ओल ओढून घ्यावी म्हणून. वहिनी माहेरून आल्या, त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी दळणासाठी ज्वारी काढली तेव्हा फडकं डब्यात गेलं, आणि गिरणीवाल्यानं वेळेवर हात घातला म्हणून, नाहीतर पिवळ्या विमानाच्या भाकरी झाल्या असत्या. ते पुन्हा चालू झालं हे आश्चर्यच. मी मात्र ही देवानं दिलेली सूचना समजलो आणि सांगायचं पुढे ढकललं. भित्र्या माणसाला देव फार वेळा सूचना देतो.

एकदा मी त्याला म्हणालो, "दादा, इतकी खटपट कशाला? किल्ल्यापलीकडे काय आहे ते मोबाइलवर आत्ता दिसेल. लोकांनी खेळून टाकलेलं असतं." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मोबाइल खिशात ठेवला. "दुसऱ्याच्या जेवणाची ढेकर मले काहून येईल?" तो म्हणाला. "एक बुरूज राहिला होता, लहान्या. एक. त्या पानवाल्यानं चुगली नसती केली तं..." आणि मान आपोआप उजवीकडे वळली. घरात बसल्या बसल्या. वहिनी हार गुंफताना मान वर न करता म्हणाल्या, "त्या बिचाऱ्यानं केलं काय असं? तुमचं नाव बी माहीत नसंन त्याले." मी पेटीत डोकं घातलं आणि नको असलेला एक स्क्रू पिळत बसलो.

मागच्या वर्षी दसरा झाला, फुलांची गर्दी ओसरली आणि त्यानंतरच्या रविवारी दुपारी पेटी चालू झाली. आधी नळीवर एक हिरवी रेघ आली, मग घरघर, आणि मग ती धून, जी मी तीस-बत्तीस वर्षांत ऐकली नव्हती आणि जी ऐकल्यावर माझ्या मानेवरून थंड पाणी उतरल्यासारखं झालं. मावसभावानं चिरेत उदबत्ती लावली. वहिनींनी पेटीला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. तो पाणी न मारलेला होता, हे मी हात लावून पाहिलं. पहिल्या डावात तो नदीतच बुडाला. दुसऱ्यात जंगलात. "डोळा बसून राहिला," असं म्हणून त्यानं चष्मा पुसला. तिसऱ्या डावात त्याचे खांदे बदलले. मी त्याच्या मागे उजवीकडे उभा होतो, त्याच जागी. नदी गेली, जंगल गेलं, जहाजं गेली आणि काळा किल्ला आला.

पहिला बुरूज पडला. वहिनींचा दोरा हातातच थांबला. दुसरा पडला. मावसभाऊ दात ओठांवर रोवून उभा होता आणि मला त्याची मान दिसत होती, पंधरा वर्षांच्या पोराची नाही, काट्यांनी ओरखडलेली, उन्हानं काळी पडलेली पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची मान. तिसरा बुरूज पडला. तेव्हा मला काय झालं मला सांगता येत नाही. मला वाटलं, आता हा जिंकेल आणि त्याची गोष्ट पुरी होईल, आणि माझी माझ्याजवळच राहील.

"दादा," मी म्हणालो, "त्या दिवशी मावसाजींना मी सांगितलं होतं. पानवाल्यानं नाही. मी बोट दाखवलं."

त्याचा हात दांड्यावरून सुटला. तो काही शिंपडत नव्हता. तो फक्त वळला. त्याच्या मागे पिवळं विमान सरळ चौथ्या बुरुजावर जाऊन आदळलं आणि डाव संपल्याची ती छोटी, रडवी धून वाजली.

मग तो म्हणाला, "दोन वेळा."

"दादा, माझ्यामुळे तुझी शाळा..."

"दोन वेळा, लहान्या! त्याच बुरुजावर!"

"शाळा सुटली तुझी माझ्यामुळे," मी म्हणालो. "तुझ्या कंपासनं मी शिकलो आणि तू—"

"शाळेचं कोण बोलून राहिलं इथं?" तो ओरडला. "मले गणितात पस्तीस तरी पडले असते का? बाबा काढणारच होते मले दिवाळीत. मी बुरुजाचं बोलून राहिलो!" मग जरा थांबून, खाटेवर बसून, त्यानं निकाल दिला, अगदी त्याच्या बापासारखा. "पहिल्या वेळची माफी. तेव्हा तू लहान होता, आन् मी बी तुले डाव देतो म्हणून दिला नव्हता. पण आजची माफी नाई. आज तू दोन पोरांचा बाप आहे."

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मला मात्र रडू येत होतं. शाळेबद्दल तो म्हणाला ते खरं होतं, की मला हलकं वाटावं म्हणून म्हणाला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. त्याला विचारायची सोय नाही. तो दुसऱ्या वेळी वेगळं सांगत नाही.

थोड्या वेळानं तो एकदम दचकल्यासारखा उठला. "अरे, मंग त्या पानवाल्याचं काय करू मी आता?" आणि मला म्हणाला, "चप्पल घाल."

जाताना त्यानं दुकानातला चांगल्यातला चांगला शेवंतीचा हार घेतला. व्हिडिओ गेमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ठेला मात्र तिथेच आहे. पानवाला आता पार म्हातारा झाला आहे, पण पानाला कात लावताना त्याचा हात थरथरत नाही. मावसभाऊ ठेल्यासमोर जाऊन उभा राहिला. मान सरळ ठेवायला त्याला कष्ट पडत होते. हार पुढे करून म्हणाला, "काकाजी, माहं चुकलं. बत्तीस वर्षं मी तुमच्याशी बोललो नाई."

म्हाताऱ्यानं हाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. "तुमी ते फुलवाले ना? रोज जाता इथून?"

"हो."

"मले वाटे, तुमी पान खात नाई," म्हातारा म्हणाला. "साधं लावू का मिठं?"

परत येताना मावसभाऊ पान चघळत होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, "बत्तीस वर्षं मान मोडली बे मी. त्याले माहीतच नाई." मग हसायला लागला, आणि हसता हसता पानाची पिचकारी चुकून माझ्या पायावर आली. ती आजच्या गुन्ह्याची शिक्षा समजून मी पाय पुसला.

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी आणखी एक गोष्ट केली. ती इथे लिहून टाकतो, कारण आता कोणाला तोंडानं सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. मूर्तिजापूरला बस थांबली होती, चहाला सगळे उतरले होते, आणि मी मोबाइल काढून किल्ल्यापलीकडे काय आहे ते पाहिलं. किल्ल्याचा चौथा बुरूज पडला. पडदा क्षणभर काळा झाला. राजकन्या नव्हती, लाल विमान नव्हतं. पुन्हा तीच धून वाजली आणि तेच पिवळं विमान त्याच नदीवरून, अगदी पहिल्यापासून निघालं.

अजूनही मी महिन्यातले दोन-तीन रविवार अकोल्याला जातो. पेटी पुढच्या खोलीत आहे, बाया हार गुंफत असतात. मी आलो की मावसभाऊ खिशातून पुडी काढतो. पानवाल्याकडचं मिठं पान, माझ्यासाठी मोठं, दोन घासांत न मावणारं. "आधी तोंडात घाल," म्हणतो. "मंगच सुरू करतो." मी पान तोंडात घालतो आणि त्याच्या मागे उजवीकडे उभा राहतो. नदी जाते, जंगल जातं, जहाजं जातात. त्याची बोटं आता जाड झाली आहेत, पूर्वीसारखी वळत नाहीत. तीन बुरूज पडतात आणि चौथ्याशी विमान जळतं. तो चष्मा काढून पुसतो. "काय असंन बे तिकडे?" विचारतो. "काही तं असंनच."

मी मान हलवतो. तोंडात पान असतं.